वॉकीवरची हाक

आमच्या युनिटमध्ये नारळ फोडल्याशिवाय कॅमेरा लागत नाही, आणि तो नारळ आणायचं कामही माझंच. पण भुताखेतांवर विश्वास? छे! असले किस्से सांगणाऱ्यांच्या तोंडावर मी हसायचे. आता 'हसू नका' म्हणायची पाळी माझ्यावर आलीय.

मी मूळची सांगलीची. टीव्ही मालिकांचं प्रॉडक्शन सांभाळते — म्हणजे गाड्या, जेवण, माणसं डोंगरात वेळेवर पोहोचवायची आणि वर सगळ्यांच्या शिव्या खायच्या. त्या वेळी कोयनानगरच्या वरच्या पठारावर शूटिंग होतं. मोबाइलला रेंज नाही, रस्ता एकच गाडी जेमतेम मावेल एवढा. त्यामुळे खालची गाडी वर यायची ती माझ्या वॉकीटॉकीवरच्या हुकमानं. आणि वॉकीवर आम्ही ड्रायव्हरला नावानं हाक मारत नाही, गाडीच्या नावानं मारतो. 'मेकअप, थांबा.' 'जेवण, या वर.'

जनरेटर व्हॅन चालवायचा तो माझा सख्खा थोरला भाऊ. युनिटमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. वशिल्यानं लावलाय असं कुणी म्हणायला नको, म्हणून सेटवर तो मला 'मॅडम' म्हणायचा आणि मी त्याला 'जनरेटर'. घरी यावरून दोघं पोट धरून हसायचो.

त्या दिवशी भर दुपारी धुकं उतरलं. दिग्दर्शकाची कटकट सुरू — लाइट कधी लागणार? व्हॅन खालच्या वळणावर थांबलेली. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "जनरेटर, या वर." एवढंच! शेजारी असिस्टंट डायरेक्टर प्रशांत कानात इअरपीस घालून माझ्याकडेच बघत उभा होता. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"मॅडम, आत्ता काय बोललात तुम्ही?"

"जनरेटर, या वर. का?"

"नाही... ओठ तसेच हलले तुमचे. पण कानात तुमच्याच आवाजात आलं — 'दादा, गाडीतून उतर, पळ!' रडत होतात तुम्ही."

दादा! सेटवर हा शब्द मी कधीच उच्चारला नव्हता. मी काही बोलणार तोच खालून धडाड असा आवाज आला.

तो उतार मी कशी पळाले, आठवत नाही. दरडीतला एक भलामोठा दगड व्हॅनच्या केबिनवर बसला होता, ड्रायव्हरची सीट दिसतच नव्हती. दादा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलेला... साधं खरचटलंही नव्हतं. सगळ्यांसमोर त्याला मिठी मारून मी हंबरडा फोडला.

"आगं, रडतीस कशाला? तूच उतर म्हणलीस न्हवं? आवाज लय कापत हुता तुझा, म्हणून उडीच टाकली."

"मी नाही रे म्हणाले!"

"मग कोण म्हणलं?"

घाटात दरड कोसळते, त्यात नवल नाही. कुणी चेष्टा केली म्हणावं, तर तो माझा दादा हे कुणाला ठाऊक होतं? वॉकी दुरुस्तीवाल्याला दाखवला, तो म्हणाला ठणठणीत आहे. प्रशांत तर विषय काढला की उठूनच जातो.

उत्तर मला आजही मिळालेलं नाही. दादा मात्र अजून माझ्याच युनिटला गाडी चालवतो. 'जनरेटर' म्हटलं तर आता जागचा हलत नाही. म्हणतो, "दादा म्हण, तवाच गाडी हलवीन. तुझ्या आवाजावर लय भरवसा हाय माझा." मग मी बटण दाबते, "दादा, ये वर" म्हणते, आणि गाडी दिसेपर्यंत जीव मुठीत धरून उभी राहते. कारण एखाद्या दिवशी मी 'दादा, थांब' म्हणाले आणि त्याच्या कानात माझ्याच आवाजात 'ये वर' गेलं... तर?