नुसता हिरवा

कापडाच्या दुकानात कातरण कोणी मुद्दाम जमवत नाही. दिवसभर कापाकापी चालते आणि संध्याकाळी काउंटरखाली झाडू घातला की टोपलंभर निघते. किस्स्यांचंही तसंच. सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या मॅचिंगच्या दुकानात गेल्या दीड वर्षात जे किस्से साठलेत, ते बहुतेक सगळे माझ्यावरच आहेत. आधी मला राग यायचा. आता कोणी सांगायला लागलं की मीच म्हणतो, थांब, तू मधलं गाळतोयस, मी सांगतो.

मी दत्ता, मूळचा वळसंगचा, वीस वर्षं ब्लाउजपीसच्या काउंटरला. मालक अप्पा घरात कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी. शेजारच्या काउंटरला रजाकभाई. दारापाशी उजेडात फॉल-पिकोच्या मशीनवर पद्माक्का, त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही तेलुगू विणकरांचं. आमच्या धंद्यात एकच विद्या लागते, डोळ्यांत रंग धरून ठेवायची. बाई साडी न आणता यायची, "परवा दाखवली होती की" म्हणायची आणि मी बोलता बोलता मागे हात घालून बरोबर तो तागा काढायचो. डाळिंबी वेगळा, राणी वेगळा, गुलबक्षी वेगळा. कुठला कुठल्या फळीवर, हे बघावं लागत नसे.

मग मोटरसायकलवरून पडलो. कमरेला मार लागला, दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. अफूच्या जातीच्या असतात, हे नंतर कळलं. कंबर चार महिन्यांत बरी झाली, गोळ्या दोन वर्षं चालल्या. चिठ्ठी नसली तरी मी कुठून ना कुठून मिळवायचो. त्यांनी आधी दुखणं नेलं, मग हळूहळू रंग.

*

गोळ्यांची पाकिटं मी दुकानातच लपवायचो. जागाही हुशारीने निवडली होती. मातकट रंगाचा एक तागा होता, जो कित्येक वर्षांत कोणी उलगडून बघितलासुद्धा नव्हता. त्याच्या घडीत पाकिटं.

एक दिवस अक्कलकोटकडच्या शाळेतल्या बाई आल्या. गॅदरिंगमध्ये पोरांना झाडांची खोडं बनवून उभं करायचं होतं. त्यांना तोच रंग हवा, आणि तोही अख्खा तागा! मी माळ्यावर होतो. रजाकभाईने सवयीप्रमाणे तागा काउंटरवर आपटून उलगडला आणि पाच पाकिटं बाईंच्या पुढ्यात पडली.

मी खाली आलो तेव्हा बाई गेल्या होत्या आणि अप्पांनी पाकिटं ओळीने मांडली होती. मला वाटलं, संपलं आपलं. अप्पा चष्मा पुसत म्हणाले, "तो तागा खपला बघ दत्ता. आता कुठं ठेवणार?"

दुसऱ्या दिवशी ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवून ते मला डॉक्टरकडे घेऊन गेले. वीस वर्षांत अप्पांनी लग्नसराईत दुकान बंद ठेवलेलं मी बघितलं नव्हतं.

*

डॉक्टरांनी गोळ्या एकदम तोडल्या नाहीत, कमी कमी करत आणल्या. शेवटची गोळी सुटली, पण डोक्यातलं धुकं काही गेलं नाही. गिऱ्हाइकाने काय मागितलं ते तागा काढेपर्यंत विसरायचो. शेवटी बायकोला, सुनंदाला घेऊन पुन्हा गेलो.

डॉक्टर म्हणाले, शंभरातून सात वजा करत चला. मी त्र्याण्णवपर्यंत गेलो आणि थांबलो. म्हटलं, डॉक्टर, शाळेतही मी इथंच थांबायचो, मी मॅचिंगवाला आहे, मला रंग विचारा. ते हसले. खिडकीकडे बोट करून म्हणाले, सांगा, पडदा कोणत्या रंगाचा?

मी नीट बघितलं. म्हणालो, "हिरवा."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर!" आणि सुनंदा रडायला लागली. डॉक्टर गोंधळले. उत्तर बरोबर आहे ना, म्हणाले. सुनंदा पदराने डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टर, ह्यांनी आजवर कदी नुसतं हिरवा म्हनलं न्हाय हो."

तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आम्हाला नीट समजावलं. डोकं परत येतं, पण घाई करत नाही. झोप, चालणं आणि रोजचं काम, एवढं सोडू नका. मी विचारलं, सगळं परत येईल? ते म्हणाले, बघू. त्या "बघू"ची मला रोज भीती वाटायची. रंग आले नाहीत तर मी कोण?

*

अधूनमधून गोळीची फार आठवण यायची. अंगाला घाम, कशातच मन नाही. अशा एका दुपारी मी रजाकभाईला सांगितलं की मला मेडिकलवर जायचंय. त्याने स्कूटर काढली, बस म्हणाला.

पहिलं मेडिकल आलं. रजाकभाई थांबलाच नाही. "इधर पार्किंग नै है." दुसरं आलं. तिथेही पार्किंग नाही. तिसऱ्यासमोर तर अख्खा ट्रक मावेल एवढी जागा होती, मी दाखवलीसुद्धा. "वो म्युनिसिपालिटीवाले गाडी उठाके ले जाते," म्हणाला आणि गाडी तलावाकडे घेतली. तिथे दोघांनी चहा प्यायला. तोवर ती तलफ उतरली होती.

असं दहा-बारा वेळा तरी झालं. त्या काळात सोलापुरात मेडिकलसमोर पार्किंग कुठेच नव्हतं!

*

ब्लाउजपीस एकदा कापला हे मी विसरायचो आणि पुन्हा कापायचो. एका बाईंना एका साडीवर तीन पीस निघाले. अप्पा म्हणाले, कापला की मोठ्यांदा सांगत जा, म्हणजे तुझ्या कानाला तरी कळेल. म्हणून मी प्रत्येक पीस कापून झाला की ओरडायचो, "कापला!"

पहिले चार दिवस गिऱ्हाइकं दचकायची. मग मला एकट्याला लाज वाटू नये म्हणून रजाकभाईही ओरडू लागला. मग गल्ल्यावरून अप्पा. गावाकडच्या बायकांना वाटलं, ही ह्या दुकानाची पद्धतच आहे. एकदा गडबडीत मी ओरडायचं विसरलो, तर एका आजींनी पीस घ्यायचंच नाकारलं. "आदी कापला म्हना," त्या म्हणाल्या, "बाकीच्यास्नी म्हनलासा की."

*

पद्माक्कांचा इलाज वेगळा. रोज सकाळी पिकोच्या दोऱ्याचा एक तुकडा मला दाखवायच्या आणि बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या. संध्याकाळी म्हणायच्या, आण त्या रंगाचा तागा. मी आणायचो. त्या डबा उघडून दोरा वर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "रेपु." तेलुगूत रेपु म्हणजे उद्या. चुकलास असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. रजाकभाई मला रेपुशेठ म्हणायला लागला, ते वेगळं.

पाच महिने रेपु ऐकल्यावर मी अप्पांना म्हणालो, मला वरच्या माळ्यावर टाका, पोती उचलतो, काउंटर दुसऱ्याला द्या. अप्पा म्हणाले, "माळ्यावर अंधार असतो. तिथं रंग कसे येतील?"

ह्या माणसांचं मी काय भलं केलं होतं, मला खरंच माहीत नाही.

*

आणि हा शेवटचा किस्सा, गेल्या महिन्यातला. आता रजाकभाई हा सांगत नाही, मला सांगायला लावतो.

दुपारची वेळ, दुकानात गर्दी नाही. सुनंदा आली. ती दुकानात सहसा येत नाही. हातात पिशवी. बाकीच्या बायकांसारखी काउंटरपुढे उभी राहिली आणि म्हणाली, मॅचिंग पाहिजे. मला वाटलं, चेष्टा करतेय. म्हटलं, साडी दाखव.

"तुमी बगितलीया," ती म्हणाली. "ज्या पदरानं मी डॉक्टरांपुढं डोळं पुसलं, ती."

पद्माक्कांचं मशीन थांबलं. अप्पांनी पेपर खाली ठेवला. मी सुनंदाकडे बघत राहिलो. त्या दिवशीचं मला धड काहीच आठवत नव्हतं. शंभरातून सात आठवत होते, ते पेन आठवत होतं.

माझा हात मागे गेला. आमसुलीचे तीन तागे असतात आमच्याकडे. एक तांबूस, एक काळपट आणि मधला, ज्यात वांगी रंगाची किंचित झाक असते. मी मधला काढला. तो घेऊन दारापाशी गेलो, उन्हात धरला आणि तसाच उभा राहिलो. सुनंदाने पिशवीतून साडी काढून पदर त्याच्यावर टाकला. पद्माक्का उठून आल्या. पदर कुठे संपतो आणि तागा कुठे सुरू होतो, ते त्यांनी बोटाने चाचपून बघितलं. रेपु म्हणाल्या नाहीत.

मी काउंटरला येऊन कात्री चालवली. पीसची घडी घातली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी घडीच पुन्हा पुन्हा नीट करत होतो.

सुनंदाने घडीवर हात ठेवला.

"कापला म्हना की," ती म्हणाली.