लाइफबोटीआडची खोली

धसईच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी जनाकाकी आमच्या शेजारच्या घरातली. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला मोजकी. नवरा धर्माकाका कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होता. घाटातले रूळ सांभाळण्यात त्याची उमर गेली, सुट्टीपुरता तो घरी यायचा. त्यामुळे भाताची शेती, दोन म्हशी आणि एकुलती एक लेक हर्षाली हे सगळं काकीच्याच अंगावर होतं.

काकीचं माहेर माळशेजच्या पायथ्याचं, काळू नदीच्या काठावर. तिचा मोठा भाऊ कमळू. एका पावसाळ्यात म्हैस वाहून चालली म्हणून तो तिच्यामागे डोहात उतरला. म्हैस पलीकडच्या काठाला लागली, कमळू लागला नाही. त्याला पोहता येत नव्हतं. गावातल्या कुणालाच धड येत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात काकीच्या बापाने तिच्या पाठीला वाळके भोपळे बांधले आणि तिला त्याच डोहात उतरवलं. आई काठावर बसून रडत होती. बाप एवढंच म्हणाला की, हिला पाणी आलंच पाहिजे.

हर्षाली कळती झाली तसं काकीने तिलाही नदीवर नेलं. मुलगी बाईच्या जातीची, पाण्यात उड्या कसल्या मारते, असं बायका म्हणायच्या. धर्माकाकाची बहीण काशी तर तोंडावर बोलायची. काकी तिला नेतच राहिली. नवरात्राच्या आधीची भरलेली नदी हर्षाली सरळ कापून जायला लागली, तेव्हा त्याच बायका काठावर उभ्या राहून बघायच्या.

बारावीनंतर हर्षालीने जहाजावरच्या खलाशीकामाचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा मात्र घरात आठवडाभर कुणी नीट जेवलं नाही. धर्माकाकाचा साफ नकार. मुलीने नर्सिंग करावं, बँकेत जावं, समुद्रावर पुरुषांत काय काम, असं त्याचं म्हणणं. शेवटी काकी बोलली.

"माझा भाऊ गेला तो पाणी येत नव्हतं म्हणून गेला. हिला पाणी येतं. आता हिला तुमी अडवू नका."

कमळूचं नाव काकी घरात कधी काढत नसे. त्या दिवशी काढलं, आणि धर्माकाकाचा नकार तिथेच संपला. हर्षाली गेली. आधी मालवाहू जहाजांवर राहिली, दोरखंड ओढले, गंज खरवडला, रंग मारला. मग मुंबईहून गोव्याला आणि पुढे लक्षद्वीपकडे जाणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर तिला काम मिळालं.

तिथे काम करणाऱ्यांच्या आईवडिलांना सवलतीत प्रवास मिळतो. भाताची झोडणी उरकल्यावर हर्षाली सुट्टीवर आली होती, तेव्हा तिने हा विषय काढला. आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो. काशीआत्याही होती. हर्षालीने मोबाइलवर खोल्यांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. एक खोली बिनखिडकीची. एकीला गच्ची, तिथे खुर्ची टाकून बसता येतं. एकीला मोठी गोल खिडकी आणि समोर नुसतं निळं पाणी. हीच घेऊ म्हणून तिने ती जवळजवळ पक्की केली होती.

फोटो सरकवताना मध्येच आणखी एक खोली आली. तिच्या खिडकीत समुद्र नव्हताच, काहीतरी केशरी आडवं आलेलं होतं. काकीने विचारलं, हे काय?

हर्षाली हसली. ती लाइफबोट, तिने सांगितलं. जहाजाला काही झालं तर माणसं त्यात बसवून खाली पाण्यात सोडायची. जहाजाच्या दोन्ही अंगांना अशा बोटी टांगलेल्या असतात. त्या ज्या खिडक्यांपुढे येतात, तिथून बाहेरचं दिसत नाही, म्हणून त्या खोल्या कुणी सहसा मागत नाही.

"आणि त्या बोटीत कोण असतं?" काकीने विचारलं.

"प्रत्येक बोट एकाच्या ताब्यात असते, आई. त्यानेच सोडायची, त्यानेच चालवायची. एक माझ्याकडे पण हाय."

"मग तुझ्या बोटीमागची खोली दे आमाला."

हर्षालीला वाटलं, आईला नीट कळलं नाही. तिने पुन्हा समजावलं. पडदा उघडला की समोर बोटीची पाठ दिसेल, वरून थोडं आभाळ, खालून पाण्याची एक पट्टी, बस. काशीआत्या म्हणाली की, समुद्र बघायला जायाचं नि भिंत बघत बसायची, असं येडं कुणी ऐकलंय का. धर्माकाकाही म्हणाला की, आयुष्यात एकदा चाललोय तर जरा चांगलं घेऊ.

काकी ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "समुद्र सगळ्यांनाच दिसतो. माझी लेक काय काम करते, ते मला बघायचं हाय."

हर्षालीने मान खाली घालून मोबाइलवर तीच खोली घेतली.

म्हसा गावची जत्रा झाली, पाहुणे परतले, तसे काका-काकी निघाले. काकीने पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि एक नारळ घेतला होता. बंदरात जहाज बघून धर्माकाका थबकला. पुढे त्याने मला सांगितलं की, कसाऱ्याची अख्खी रेल्वे कॉलनी त्यात मावली असती. खोलीत शिरल्यावर त्याने आधी पडदा सारला. समोर केशरीच केशरी. खोलीत केशरट उजेड पडला होता. तो पलंगावर बसला आणि म्हणाला की, काशी बोलली ते काय खोटं नव्हतं.

काकी खिडकीशी गेली. बोटीच्या अंगावर पांढऱ्या रंगात नंबर होता. हर्षालीने सांगितलेलाच नंबर. तिने काचेवरून त्यावर बोट फिरवलं आणि पिशवी आवरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्याच्या धक्क्याला लागलं, त्यांची खिडकी समुद्राकडच्या अंगाला राहिली. सगळे प्रवासी खाली उतरून फिरायला जाणार होते, खाली बस उभ्या होत्या. हर्षाली सकाळी गणवेशात घाईघाईने खोलीवर येऊन गेली. माणसं उतरली की आमचा सराव असतो, बोटी पाण्यात सोडायच्या असतात, असं तिने सांगितलं. तुम्ही मात्र गोवा बघून या, मंगेशीला जाऊन या, असाही आग्रह केला. काकीने तिला तिथेच सांगितलं की, मी काय हलत नाय. धर्माकाकाला मंगेशीला जायचं होतं. तो टोपी घालून बसच्या रांगेत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने परत आला आणि बस भरली म्हणाला. काकीने खिडकीपाशी सरकून त्याला जागा केली.

खाली घंटा वाजली. मग खिडकीपुढच्या अरुंद मार्गिकेवर माणसं आली. हेल्मेट, केशरी जाकिटं. बहुतेक तरुण पोरं, एकदोन चांगली दांडगी. सगळ्यांत शेवटी हर्षाली आली. तिने पोरांना ओळीत उभं केलं, एकेकाच्या जाकिटाचे पट्टे ओढून पाहिले. एकाचा पट्टा ढिला होता. तो तिने सोडायला लावला आणि पुन्हा बांधून घेतला. तिचा आवाज काचेतून येत नव्हता, पण ती हात वर करायची तसं सगळे थांबायचे, हात खाली केला की हलायचे.

खिडकी तिच्यापासून चार हातांवर होती. आई आत उभी आहे हे तिला ठाऊक होतं. दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही, पण तिने एकदाही तिकडे मान वळवली नाही.

धर्माकाकाला ते लागलं. "एकदा बघायला काय झालं असतं?"

"नकोच बघायला," काकी म्हणाली. "तिच्या हातात माणसं हायेत. तुमी रुळावर असताना गाडी येताना माझ्याकडं बघितलं असतं?"

हर्षाली दार उघडून बोटीत शिरली. तिच्यामागे पोरं शिरली. दार बंद झालं. बोट टांगून धरणारे लोखंडी हात हळूहळू बाहेरच्या अंगाला झुकले आणि बोट खिडकीपासून सुटली. खोलीत एकदम पांढरा उजेड भरला. बोट खाली गेली, दिसेनाशी झाली, नुसते ताणलेले दोर राहिले. आणि समोर सगळा समुद्र उघडा पडला, पार आभाळापर्यंत.

"घे, आता दिसला तुझा समुद्र," धर्माकाका म्हणाला.

काकीने काचेला कपाळ टेकलं होतं. खाली दिसतं का, ते ती बघत होती. "मला नको तो," ती म्हणाली. "बोट वर येऊ दे."

नंतर काकीने मला सांगितलं की, त्या वेळी तिला कमळू आठवला. तिच्या आईने काठावर काय सोसलं असेल, तेही पहिल्यांदा कळलं. एवढ्यात बोट जहाजापासून सुटून उघड्या पाण्यात आली. लाटेवर नाक वर करून ती पुढे गेली, लांब गेली, इतकी लहान दिसायला लागली की काकीने हाताने डोळ्यांवर सावली धरली. तिथे बोटीने मोठा गोल वळसा घेतला आणि तोंड जहाजाकडे वळवलं.

परत आल्यावर बोट दोरांच्या आकड्यांना अडकवायची असते. पाणी हलत होतं. पुढचा आकडा बसला, मागचा बसेना. बोट जहाजावर आपटते की काय, असं वाटायला लागलं, तसा धर्माकाका खिडकीपासून मागे सरला. पण बोट घाईला आली नाही. आकडा सोडून ती पुन्हा मागे फिरली, दुसरा वळसा घेतला, लाट बसायची वाट पाहिली आणि मग आली. या खेपेला दोन्ही आकडे एका दमात बसले. दोर आवळले, बोट वर यायला लागली. आधी तिचं छप्पर दिसलं, मग पांढरा नंबर, मग सगळी बोट खिडकीपुढे येऊन बसली आणि समुद्र झाकला गेला. काकी पलंगावर बसली. दोघं भाकऱ्या काढून पोटभर जेवली.

संध्याकाळी हर्षालीने आईवडिलांची वरिष्ठ अधिकाऱ्याशी भेट घालून दिली. तो हिंदीत म्हणाला की, जहाजावर नवीन मुलं आली की पहिले काही सराव आम्ही त्यांना तुमच्या मुलीच्या बोटीत देतो. तिच्या बोटीत घाबरलेला मुलगा शांत होतो. हर्षाली मध्येच म्हणाली, "सर, मला पाणी हिनेच शिकवलं." अधिकाऱ्याने काकीला हात जोडले. काकीने पिशवीतला नारळ काढला. जहाजावर तो फोडता येणार नव्हता. मग हर्षाली त्यांना मार्गिकेवर घेऊन गेली. काकीने नारळ बोटीला टेकवला आणि तळवा तिच्या अंगावर ठेवला.

दोघं परतल्यावर बाजारात जो तो विचारायला लागला. समुद्र कसा होता, जेवण काय होतं, गोवा बघितला का. काकी भाजी तोलता तोलता सांगायची की, हर्षालीची बोट बघितली. कुणाला कळायचं, कुणाला नाही. काशीआत्याने खिडकीचं विचारलंच. तेव्हा काकीने नुसतं धर्माकाकाकडे पाहिलं.

आता धर्माकाकाच बोलतो. अजून तो कधीमधी कसाऱ्याला जुन्या गँगमन मित्रांना भेटायला जातो. मागच्या महिन्यात मीही बरोबर होतो. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर चहा आला आणि त्याने सुरुवात केली. मागचा आकडा कसा बसत नव्हता, लेकीने बोट कशी माघारी नेली, लाटेची वाट कशी पाहिली, सगळं हातवारे करून. एका मित्राने विचारलं की, एवढं जवळून तुला दिसलं कुठून?

धर्माकाका चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, "आमी मुद्दाम तीच खोली घेतली होती."