सोल्वाईची सरकती झोप

सोल्वाई ब्रास्क आणि मी ओडेन्स शहरातल्या ब्रेल छापखान्यात नऊ वर्षं एका टेबलाशी बसलो. मी मूळ पान मोठ्याने वाचायचो, ती उठावाच्या ठिपक्यांवरून बोटं फिरवत छपाईतल्या चुका पकडायची. वयाच्या अकराव्या वर्षी आजारात तिचे दोन्ही डोळे काढावे लागले होते. वाचताना माझा एखादा स्वल्पविराम राहिला तरी म्हणायची, "वाग्न, जा, पाव खाऊन ये. उपाशीपोटी वाचतोयस."

पण महिना-दीड महिन्यातून काही दिवस सकाळी नऊलाच तिची मान टेबलावर यायची. बोटं एकाच ओळीवर थांबून राहायची. विचारलं की उत्तर ठरलेलं, "रात्री झोप झाली नाही." मला वाटलं, बाई पिते. आमच्याकडे असलं काही कुणी तोंडावर विचारत नाही, मागून बोलतात. मीही मागूनच बोललो. आमचे प्रमुख क्रेस्टेन, त्यांना जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, "तिच्या पिशवीत काय असतं ते एकदा बघा."

त्यांनी तिला बोलावलं. मी दाराशीच घुटमळत होतो. तिने पिशवी टेबलावर उलटी केली. कॉफीचा थर्मास, पेपरमिंटच्या गोळ्या, गजराचं घड्याळ आणि एक सेफ्टी पिन.

"ही कशाला?" क्रेस्टेननी विचारलं.

"झोप अनावर झाली की टोचून घेते," ती म्हणाली आणि डावा तळहात उघडला. तो बारीक खपल्यांनी भरला होता. नऊ वर्षं मी तिची बोटं बघत होतो, तळहात कधी पाहिला नव्हता.

 क्रेस्टेननी तिला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद दिला आणि दहा आठवडे झोपेची नोंद ठेवायला सांगितली. तो भरायला डोळस माणूस हवा.

"तू भरशील?" सोल्वाईने मलाच विचारलं. नाही म्हणायला माझ्यापाशी तोंड नव्हतं.

ती रोज झोपल्या-उठल्याची वेळ सांगायची, मी झोपेच्या तासांच्या चौकटी काळ्या करायचो. तिसऱ्या आठवड्यात मला दिसायला लागलं. काळी पट्टी रोज अर्ध्या तासाने पुढे सरकत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीराच्या आतलं घड्याळ थोडं मागे पडत असतं, दिवसाचा उजेड ते रोज जागेवर आणतो. तो डोळ्यांतून आत जातो, आणि हिला डोळे नसल्याने तिथवर पोचतच नाही. त्यामुळे तिची रात्र सरकत सरकत आमच्या दुपारीही येते.

 सोल्वाई म्हणाली, "दूध काढायला उठत नाही म्हणून बाबा मला आळशी म्हणायचे. मीही स्वतःला तेच म्हणत आले. ते गेले त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली होती."

त्या हिवाळ्यात अंध वाचकांवरच्या एका संशोधनासाठी इस्पितळात तिच्या मेंदूची चित्रं काढली, मी सोबत गेलो होतो. यंत्रात पडून तिने ठिपके वाचले, तेव्हा डोक्याचा मागचा भाग, जो आपल्याला बघायला लागतो, तोच कामाला लागलेला दिसला. रिकामा न राहता त्याने बोटांचं काम उचललं होतं. परतताना बसमध्ये ती खुशीत होती. "म्हणजे मी बघतेच की रे. तुझ्यापेक्षा बरं बघते."

मला ते ऐकवेना. म्हटलं, "क्रेस्टेनना मी सांगितलं होतं. पिशवीचं."

"माहीत आहे. त्या दुपारी तू वाचायला बसलास, तेव्हा तुझा आवाज तुझा नव्हता."

"मग कागद मला कशाला दिलास?"

"तू बघावंस म्हणून."



रोज ठरल्या वेळी घ्यायच्या गोळीने तिची झोप बरीचशी जागेवर आली. ज्या दिवशी ती बिघडते, त्या दिवशी तिला उशिरा यायची मुभा आहे. वसंतात तिने क्रेस्टेनकडे दुसरा वाचक मागितला. कारण त्यांना विचारावं लागलं नाही; पिशवीचं मी त्यांनाच सांगितलं होतं. आता मायकेन नावाची मुलगी तिच्यासमोर बसते आणि मी पलीकडच्या खोलीत. कँटीनमध्ये भेटली की सोल्वाई माझी विचारपूस करते. मी उत्तर देतो आणि ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे जातो.