वांगणीच्या रस्त्यावरची सेडान

ती घटना मी विसरलेलो नाही. गुन्हा मोठा नव्हता. कोणाचा खून झाला नव्हता, वर्तमानपत्रात दोन ओळींपलीकडे काही आलं नव्हतं आणि दोषारोपपत्रही मुदतीत दाखल झालं होतं. नोकरीत याहून अवघड आणि क्रूर प्रकरणं हाताळली. त्यांतली बरीचशी आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक तेवढं वेगळं राहिलं.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी माझी बदली जव्हारला झाली. हा पठारावरचा तालुका. एका बाजूला मोखाड्याचे डोंगर, दुसऱ्या बाजूला सिल्वासाची हद्द. हद्दीपलीकडची स्वस्त दारू अलीकडे येत असे, त्यामुळे नाकाबंदी हा आमच्या ठाण्याचा रोजचा भाग होता. चोरटी दारू आणणारे जीप वापरत नाहीत, कारण जीप प्रत्येक नाक्यावर थांबवली जाते. त्यांना आवडते ती मध्यम आकाराची सेडान. दिसायला घरगुती, मागे कुटुंब बसवता येतं आणि डिकी खोल असते.

एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आमचा एक खबरी बसायचा. त्याने एका सकाळी निरोप दिला की तालुक्यातल्या वांगणीकडून एक रुपेरी सेडान अधूनमधून येते.

"साहेब, तिकडं असली गाडी कोण घेणार? रस्ता हाय का? आणि चालवतो तर असा, की बैलगाडी पुढं निघून जाईल. प्रत्येक खड्ड्याला ब्रेक. काचेचा माल असणार, लिहून घ्या."

त्याचा तर्क चुकीचा म्हणता येत नव्हता. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि वावर फाट्याच्या अलीकडे नाकाबंदी लावली.

गाडी आली ती खरोखर सांगितल्यासारखीच, मोठ्या सावधपणे. चाळिशीचा माणूस चालवत होता. शेजारी त्याची बायको. मागच्या सीटवर बारा-तेरा वर्षांची मुलगी उशा लावून आडवी होती. माझ्या हवालदाराने काचेतून डोकावून दरडावलं, "माल कुठं आहे?"

मुलगीच बोलली. "मालच तर घेऊन चाललाय बा. मीच हाय."

हवालदार हसला. मी डिकी उघडायला लावली. आत बाटल्या होत्या, बऱ्याच होत्या. साध्या पाण्याच्या.

"डॉक्टरनं सांगितलंय पाणी पाजत राहा," बाप म्हणाला. "सिकलसेल हाय तिला. रक्त चढवायला नेतोय. धक्का बसला की हाडं दुखतात, म्हणून हळू."

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण गाडी थांबवली की कागद पाहायचे, ही शिस्त आहे. हवालदाराने कागद मागितले. बापाकडे परवाना होता, बाकी काहीच नव्हतं. नोंदणी पुस्तिका नाही, विमा नाही, विक्रीची पावती नाही. "एजंट करून देणार हाय," तो म्हणाला. मी बॉनेट उघडून चेसिस नंबरवर बोट फिरवलं. पत्रा घासलेला होता आणि आकडे एका ओळीत नव्हते.

मुलीला आणि तिच्या आईला पोलीस जीपने रुग्णालयात पाठवलं. निघताना मुलीने बापाला विचारलं, "आपली गाडी मागून येतेय ना?" बापाने हो म्हणून सांगितलं.

संध्याकाळपर्यंत इंजिन नंबरावरून शोध लागला. नंबर प्लेट बनावट होती. गाडी ठाणे शहरातल्या एका सोसायटीसमोरून चोरीला गेलेली होती. पंचनामा करून ती जप्त केली आणि आमच्या पोलीस ठाण्याच्या आवारात, कुंपणाला लागून उभी केली. बापावर चोरीचा माल बाळगल्याचा, म्हणजे भादंवि कलम ४११ चा गुन्हा दाखल झाला. मुलीची अवस्था पाहून अटक टाळली, नोटीस देऊन हजेरी लावली.

चौकशीत त्याने सांगितलं ते असं. बरीच वर्षं त्याने भिवंडीत टेम्पो चालवला. मुलीचं दुखणं कळल्यावर गावी परतला. रस्त्याची अडचण म्हणून रुग्णवाहिका फाट्यापर्यंतच येते. प्रवासी जीपमध्ये मुलीला दाटीत बसून यावं लागे आणि जव्हार येईपर्यंत ती रडून थकलेली असे. भिवंडीच्या शेठची सेडान त्याने अनेकदा धुतली होती, कधी गोदामापर्यंत चालवलीही होती. मागची सीट लांब, बैठक मऊ, खड्ड्यात उडत नाही. गाडी घ्यायची तर तीच, हे त्याच्या मनाने घेतलं. बैलजोडी विकली, साठवलेलं घातलं आणि मोखाड्याकडच्या एका एजंटाकडून ती घेतली. वांगणीच्या रस्त्यावर तिचं पोट दगडांना घासायचं.

"पाड्यावर हसले लोक," तो म्हणाला. "म्हणं, गाडी नाय, घोरपड आणली. पण पोरगी पहिल्यांदा झोपून गेली हो रस्त्यात. जव्हार येस्तोवर झोपली."

"विकत घेताना गाडीत काय काय होतं?"

"आरशाला मण्यांची माळ होती. मानेखालची उशी होती, विणलेली. एक पिशवी होती कागदांची."

"मग ते कुठं आहे?"

"परत दिलं."

"कोणाला?"

"एजंटलाच. जुन्या धन्याचं आपल्या घरात ठेवायचं नाय ना."

मी ते तीनदा विचारलं आणि तीनदा तेच उत्तर आलं. चोरीच्या मालाबरोबर पकडलेला माणूस, खरेदीचा एकमेव पुरावा ठरू शकेल अशा वस्तू स्वतःच्या हाताने परत केल्या असं सांगत होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत ऐकलेल्या सबबींत ही सर्वांत दुबळी होती.

माझ्याबरोबर लेखनिक म्हणून बसलेला शिपाई जवळच्याच जामसरचा होता. बाप गेल्यावर तो म्हणाला, "साहेब, खोटं नसेल बोलत. आमच्याकडं बैल विकला की दावं देत नाहीत. विकणारा जुनं दावं काढून घरी नेतो, घेणारा आपलं नवं बांधून नेतो. जुनं ठेवलं तर जनावर मागं ओढ घेतं, घरात टिकत नाही."

"ही गाडी आहे रे."

"त्याच आठवड्यात त्यानं बैल विकले होते. दाव्याचा नियम डोक्यात ताजा असणार."

एजंट सापडायला वेळ लागला नाही. तो मूळचा मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्याचा, नाचणी-वरीच्या शेतीत वाढलेला. ठाणे शहरात गाड्या धुण्याच्या कामाला गेला आणि गाड्यांचा दलाल होऊन परतला. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, बोलण्यात हिंदी. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

"साहब, मैं इसको पहचानता भी नहीं. मी गाड्या दाखवतो, विकत नाही. कोणीतरी गरीब माणसाला फसवलं असेल, वाईट वाटतं."

"तुझ्याकडून घेतली म्हणतो."

"पेपर दाखवू दे ना मग. गाडी घेतो म्हणजे पेपर असणार. गाडी चालवणाऱ्याला पेपर कळत नाही?"

हे त्याचं बळ होतं. माणूस खोटं बोलत असला की त्याच्या बोलण्यात फट शोधावी लागते, पण याला फार बोलावंच लागत नव्हतं. समोरच्याकडे काही नाही, एवढं सांगितलं की पुरे. बापाला आणि त्याला समोरासमोर बसवलं. बाप म्हणाला, "दादा, माळ तुझ्या हातात दिली ना मी? तू म्हणालास, बरं केलं, नियमानं वागलास." एजंट खिडकीबाहेर बघत राहिला.

मी बापाच्या पाड्यावरच्या लोकांचे जबाब घेतले होते. एजंट गाडी घेऊन आला नव्हता. व्यवहार मोखाड्याच्या बाजाराबाहेर दोघांतच झाला होता. साक्षीदार नव्हता. त्यामुळे तपास एकाच प्रश्नावर येऊन थांबला. परत केलेल्या वस्तू कुठे गेल्या?

दुसऱ्या दिवशी मी एजंटला गाडीबद्दल विचारणं सोडलं आणि घराबद्दल विचारलं. बैल किती, म्हैस आहे का, बाप जिवंत आहे का. बैल होते. शेवटची जोडी कधी विकली? त्याने सांगितलं. दावी कुठे आहेत?

"गोठ्यात. खुंटीवर." हे तो सहज बोलून गेला.

"आणि गाडीचं दावं?"

चेहरा उतरणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याने पाणी मागितलं आणि निवेदन करायला तयार झाला. पंचांसमक्ष त्याला त्याच्या घरी नेलं. गोठ्यात जुन्या दाव्यांच्या शेजारी, त्याच खुंटीवर मण्यांची माळ लटकत होती. विणलेली उशी खाली फडक्यात बांधून ठेवली होती. ठाणे शहरातल्या मूळ मालकाच्या आईने दोन्ही वस्तू ओळखल्या. माळ तिने स्वतः ओवलेली होती.

"कागदांची पिशवी?" मी विचारलं.

"जाळली."

"कागद जाळलेस. मग हे का ठेवलंस? हेही जाळलं असतंस तर मी तुला धरू शकलो नसतो."

त्याने माझ्याकडे, काय विचारताय, अशा नजरेनं पाहिलं. "दावं कसं जाळायचं साहेब? गोठा ओस पडतो."

चोरीची गाडी आजारी मुलीच्या बापाच्या गळ्यात मारताना त्याला काही वाटलं नव्हतं. माणसं पूर्ण वाईट नसतात असं कोणी यावरून म्हणेल. मला तसं वाटलं नाही. भीती प्रत्येकाला कशाची तरी असते, आणि ज्याची असते तेवढंच माणूस जपतो, इतकंच मला दिसलं.

बापाची गोष्ट शाबीत झाली. पुराव्याअभावी त्याला गुन्ह्यातून वगळण्याचा अहवाल मी कलम १६९ प्रमाणे पाठवला. तो सरकार पक्षाचा साक्षीदार झाला. गाडी मात्र मुद्देमाल होती, आणि त्याचा त्या गाडीवर हक्क नव्हता. कधीच नव्हता.

मूळ मालकाला विम्याची भरपाई मिळालेली होती आणि त्याने दुसरी गाडी घेतलीही होती. म्हणजे ही आता विमा कंपनीची. आम्ही कंपनीला कळवलं. उत्तर आलं की प्रकरण संबंधित विभागाकडे आहे. पुन्हा कळवलं, पुन्हा तेच. बापाने मोफत विधी साहाय्यातून वकील घेऊन गाडी तात्पुरती ताब्यात मिळावी असा अर्ज केला. मालकी नसलेल्याला सुपूर्दनाम्यावर गाडी देता येत नाही. अर्ज फेटाळला गेला. कायद्याने दुसरं काही होणं शक्य नव्हतं.

रुग्णालयाच्या दिवशी ते पुन्हा प्रवासी जीपने येऊ लागले. जीप आमच्या कुंपणाजवळून वळते. एकदा मी आवारात उभा असताना ती तिथे थांबली. मुलगी दोन बायकांच्या मध्ये आखडून बसली होती. तिने गाडीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "साहेब, तुम्ही तिला चालवत पण नाय. नुसतीच उभी."

त्या आठवड्यात बाप ठाण्यात आला. तो भीक मागितल्यासारखा बोलला नाही. एखादी सोय सुचवावी तसा म्हणाला, "रक्ताच्या दिवशी तेवढी द्या. हवालदार बसवा पुढं. चावी तुमच्याकडंच राहू द्या. नेऊन आणून परत हितंच लावतो." मी त्याला मुद्देमाल म्हणजे काय ते समजावलं. त्याने मान हलवली. त्याला ते आधीच समजलेलं होतं.

श्रावणात सलग पाऊस लागला होता, तेव्हा मुलीचं दुखणं वाढलं. जीपवाला नाल्यापलीकडे थांबून राहिला. झोळी करून माणसांनी तिला अलीकडे आणलं, मग जीपने. जव्हार यायच्या आधीच मुलगी गेली. मी ते ठाण्यात ऐकलं. ती सेडान असती तर मुलगी वाचली असती असं मी म्हणत नाही. इतकी बसकी गाडी त्या नाल्यातून निघाली नसती. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे आणि ते खरं आहे. त्याने काही हलकं होत नाही.

गाडी कंपनीने नेली नाही. त्यांचा माणूस एकदा येऊन बघून गेला. टायर बसले होते, उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. टोइंगचा खर्च निघणार नाही, असं तो म्हणाला. माझी बदली झाली तेव्हा ती तिथेच होती.

निवृत्तीनंतर ओळखीचे लोक जुनी गाडी घेताना मला सोबत नेतात. मी त्यांना सांगतो: चेसिस नंबर स्वतः तपासा, पुस्तिकेवरचं नाव आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र जुळवा, नाव हस्तांतर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका, व्यवहार चार माणसांत करा. लोक लिहून घेतात. त्यांचे व्यवहार नीट होतात.

हेच सगळं मी त्या बापालाही सांगितलं होतं. मुलगी गेल्यानंतर काही दिवसांनी साक्षीदार म्हणून त्याचा पुरवणी जबाब घ्यायचा होता. जबाब झाला, सही झाली, तरी तो उठेना. मग विचारलं, "साहेब, मी काय करायला पायजे होतं?"

तेव्हा मी त्याला आरटीओ, पुस्तिका, पावती असं एकेक करून सांगत गेलो. त्याने मध्ये तोडलं नाही. मी थांबल्यावर म्हणाला, "ते नाय साहेब. तिला न्यायला काय करायला पायजे होतं?"

मी समोरचे कागद नीट लावले. खोलीतल्या लेखनिकाने पेनाला टोपण लावलं. त्या माणसाने आम्हा दोघांना नमस्कार केला आणि तो गेला. या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला विचारतात. एवढंच, की सगळं करून पाहिल्यावर माणसाकडे एक प्रश्न उरतो, आणि तो घेऊन माणूस पोलीस ठाण्यात येतो, कारण विचारायला दुसरी जागा नसते. त्याचं उत्तर तिथे नसतं. मला ते नंतरही कुठे मिळालेलं नाही.