चाचांना मी बारवेत उतरवलं

मित्रांनो, आज सकाळी आमच्या मोटरहोममध्ये एका माणसाचा जीव गेला.

मी आणि बायको नीता गाडीतच राहून जुनी गावं बघत फिरतोय. आज मेहकरच्या पुढे एका जुन्या बाजारगावात थांबलो. तिथली दगडी बारव दाखवायला सत्तरीचे रहीमचाचा आपणहून आले. काठावर थांबून म्हणाले, "तुमी उतरा. मले आता पायऱ्या चढवत नाहीत."

मला त्यांचा व्हिडिओ हवा होता. मी म्हटलं, "चला ना चाचा, तुमच्याशिवाय कसली मजा!"

ते हसले आणि उतरले. वर येताना मात्र छाती धरून खालीच बसले. आम्ही त्यांना गाडीतल्या पलंगावर निजवलं, नीता त्यांच्याजवळ बसली, मी गाडी दामटली. मागून ते नीताला सांगत असल्याचा आवाज येत होता, "बेटी, घरी बायकोले नको सांगू. ते घाबरते."

दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तासाभराने त्यांची बायको आली. माझे हात धरून म्हणाली, "भाऊ, तुमी होते म्हून त्याईले दवाखान्यात तरी आनलं."

 चाचा बारवेत उतरायला नको म्हणत होते, हे मी तिला सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं का? तुम्ही सांगितलं असतं?