उजळायला लावलं आणि नारिंगी झाली

मैत्रिणींनो, आज माझा संताप झालाय.

माझी भाची स्वाती माझ्याकडे राहून नागरी सेवेचा अभ्यास करते. उद्या तिची मुलाखत आहे. आज सकाळी उठली ती चेहऱ्यावर, मानेवर नारिंगी डाग घेऊनच.

काल शेजारच्या आंटींनी तिला परदेशातून आलेली क्रीम दिली होती. "इंटरव्ह्यू है बेटा, थोड़ा रंग निखर जाएगा." परदेशी क्रीम म्हणजे गोरं करणारीच, असं दोघी धरून चालल्या. मी चष्मा लावून बाटली वाचली. गोऱ्या बायका सावळं दिसायला लावतात ती क्रीम होती!

आंटी लगेच डाग घासायला लिंबू आणि खायचा सोडा घेऊन हजर. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. खोबरेल तेल लावलं, थोड्या वेळाने कोमट ओल्या टॉवेलने हलकेच पुसलं. दोन-तीनदा केल्यावर डाग फिके झाले, पण गेले नाहीत.

"मावशी, उद्या सगळे डागच बघतील गं."

"बघू देत. तू उत्तरं नीट दे."

नवी क्रीम आधी हातावर थोडी लावून एक दिवस थांबावं, हे खरंच. पण इतकी वर्षं अभ्यास केलेल्या मुलीला मुलाखतीच्या तोंडावर तिचा रंग कमी पडतो असं सांगताना आपली जीभ कशी अडखळत नाही?