लाल टोपणाची सुई

अंगणवाडीच्या दारात एक चिमुरडी ताटली घेऊन उभी होती आणि साधनाबाईंना तिचं नाव आठवेना. केस विंचरलेले, नाक वाहतंय, डाव्या गालावर तीळ. तिची आई कोण, घर कुठलं, मागच्या महिन्यात वजन किती भरलं, सगळं डोक्यात होतं. नाव तेवढं गायब. "ये गं बाई, बस," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पण खिचडी वाढताना त्या मनात एकेक नाव लावून पाहत होत्या. पोरगी जेवून निघाली तेव्हा कुठे मदतनीस इंदुताईंनी हाक मारली, "पिंकी, ताटली ठेवून जा ना वं!"

पिंकी. एवढंसं तर नाव!

आरमोरीपासून थोडं आत, धानाच्या बांध्या संपून सागवान सुरू होतं तिथलं हे गाव. साधना रामटेके तिथं वीसेक वर्षं अंगणवाडीसेविका. गावातलं प्रत्येक मूल त्यांच्या तराजूत बसलेलं. एखाद्या पोराचं वजन वाढलं नाही की त्या त्याच्या आईला दारात गाठून बोलायच्या, आणि बोलणं काही गोड नसायचं. अशा बाईला नाव विसरण्याची एवढी धास्ती का वाटावी, हे गावातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. त्यांनी रंभाबाईंना पाहिलंय.

रंभाबाई म्हणजे साधनाबाईंची आई. शेवटी शेवटी तिचं सगळं पुसलं गेलं होतं, एक मोहाची फुलं वेचणं तेवढं उरलं होतं. मोह गळतो उन्हाळ्याच्या तोंडाशी. ही भर श्रावणात पहाटे टोपली घेऊन निघायची. "फुलं पडली असन, गुरं खाऊन टाकतीन," म्हणायची. एकदा कुणाचं लक्ष नसताना गेली ती गेलीच. गावानं डबे वाजवत जंगल धुंडाळलं. उजाडल्यावर सापडली, मोहाखाली चिखलात बसलेली, टोपलीत पालापाचोळा. जवळच्या पांदणीच्या वाटेवर वाघाचे पंजे उमटले होते. साधनाबाईंनी तिला उचललं तेव्हा तिनं विचारलं, "तू कोणाची वो बाई?"

तो प्रश्न साधनाबाईंच्या मनात कायमचा रुतून बसला. पिंकीच्या नावानं तो वर आला.

घरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नवरा धनराज राइस मिलमध्ये कामाला, साखरेचा जुना रोगी, रोज इन्सुलिन टोचून घेणारा. माणूस चांगला, पण त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. लेक दिव्यानी नागपूरला नोकरीला. तिला कळवायचं म्हणजे तिची झोप उडवायची. तेव्हा साधनाबाईंनी जगातल्या सगळ्या घाबरलेल्या माणसांसारखं केलं. मोबाइल उघडला.

मोबाइल फार मायाळू असतो. भीती एकदा विचारली की तो तीच पुन्हा पुन्हा वाढून देतो. पोटाचा घेर वाढला की मेंदू आकसतो, असं एका माणसानं सांगितलं. साधनाबाईंनी खाली पाहिलं. घेर होताच. मग एक नवा शब्द आला: पेप्टाइड. प्रथिनाचे बारीक तुकडे, एवढं त्यांना समजलं, कारण प्रथिनं हा त्यांचा रोजचाच विषय. त्यातली काही वजनासाठी, काही डोक्यासाठी. एक आठवड्यातून एकदा टोचायचं, दुसरं रोज. एक रशियातलं, नाकात सोडायचं. एक तर डुकराच्या मेंदूपासून काढलेलं. ते वाचून त्यांना मळमळलं, तरी पूर्ण वाचलं.

पोषण आहाराची पाकिटं त्या जशी पारखून घ्यायच्या तशी ही औषधं पारखू लागल्या. कशात किती वजन उतरलं, कुणाला उलट्या झाल्या, कुणाची आई पुन्हा नावं सांगू लागली. फोटो काढून ठेवले, एकाशेजारी एक लावून पाहिले. एका डॉक्टरांनी स्वच्छ मराठीत सांगितलं होतं की विसरण्याच्या आजारावर वजनाच्या औषधाची मोठी चाचणी झाली आणि आजार काही थांबला नाही. डोक्याच्या बाटल्यांना तर धड पुरावाच नाही, असंही ते म्हणाले. साधनाबाईंनी तो व्हिडिओ अर्ध्यातच वर सरकवला. घाबरलेल्याला नकार ऐकायचा नसतो.

एका ग्रुपवर 'कोच सर' होते. त्यांनी वय विचारलं नाही, आजार विचारला नाही, पत्ता तेवढा विचारला. खोक्यातून दोन चिमुकल्या बाटल्या आल्या, तळाशी पांढरी पूड. एक वजनाची, एक डोक्याची. वर इंग्रजीत छापलेलं: फक्त संशोधनासाठी, माणसाच्या वापरासाठी नाही. आता, ज्या बाईचा जन्म 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का असलेली पाकिटं वाटण्यात गेला, आणि ज्या गावात ती पाकिटं कुठं कुठं विकली जातात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तिला शिक्क्याची काय मातब्बरी! छापावं लागतं म्हणून छापतात, असं त्या धरून चालल्या.

आधी वजनाची घ्यायचं ठरलं. पूड पाण्यात विरघळवायची, सुईवरच्या अमुक रेघेपर्यंत भरायची, पोटाला टोचायची. कोच सरांनी व्हिडिओ पाठवला होता. त्यातल्या सुईचं टोपण केशरी होतं. घरात धनराजच्या सुया होत्याच, लाल टोपणाच्या. सुई ती सुई. रेघेवरचा आकडाही तोच. साधनाबाईंनी मोजूनमापून, अगदी डोळ्यांशी धरून भरली. त्यांचं माप कधी चुकत नसे.

माप चुकलं नव्हतं. सुईच वेगळ्या मापाची होती. लाल टोपणाच्या सुईत त्याच आकड्याला अडीच पट औषध मावतं, हे कोच सरांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अन्नाकडे बघवेना. मग उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा ठरेना. "पित्त झालं," असं त्यांनी धनराजला सांगितलं. तो बिचारा लिंबू-साखर करून देत राहिला, त्या घोटभर पिऊन बाहेर टाकत राहिल्या. आतून मात्र त्यांचं धाबं दणाणलं होतं. कोच सरांना विचारलं तर ते म्हणाले, औषध लागू पडतंय, टिकून राहा.

तरीही त्या अंगणवाडीला निघाल्या. वजनाचा दिवस होता, तो त्यांनी कधी चुकवला नव्हता. ऊन चढलेलं. सागवानाच्या कडेनं जाणारी वाट, आंधळ्यानंही चालावी इतकी पायाखालची. थोडं चालल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ही वाट आपल्याला ओळखू येत नाही. पुढे दोन फाटे होते आणि कोणता कुठं जातो ते डोक्यात येईना. आज वार कोणता? येईना. नवऱ्याचं नाव? ओठांवर येऊन मागे फिरलं. त्या मटकन खाली बसल्या. वर पाहिलं तर मोहाचं झाड. तेव्हा त्यांच्या तोंडून किंकाळीच निघाली. आलं. आईचं आलं. आता पहाटे टोपली, आता वाघ, आता दिव्यानी येईल आणि मी तिला विचारीन, तू कोणाची वो बाई. त्या स्वतःशीच अंगणवाडीतल्या पोरांची नावं म्हणू लागल्या, "पिंकी, चैतू, बिरजू, पिंकी, चैतू, बिरजू..." एक जरी निसटलं तर सगळीच जातील असं त्यांना वाटत होतं.

इंदुताई साधनाबाईंना शोधत आल्या. "अवो बाई! इथी काऊन बसल्या? काय झालं?"

"इंदुताई, मले माह्या आईचं झालं वो," एवढंच त्या म्हणाल्या आणि कलंडल्या.

ग्रामीण रुग्णालयात सलाइन लागलं. डॉक्टरीणबाई वयानं दिव्यानीएवढ्या, पण प्रश्न कसून विचारणाऱ्या. काय खाल्लं, काय प्यायलं, औषध कोणतं? धनराज पायाशी उभा होता. साधनाबाईंनी डोळे मिटून सांगून टाकलं. पिंकीचं विसरलेलं नाव, बाटली, पूड, रेघ, सुई.

"माह्या सुईनं?" धनराज पायाकडून उशाशी आला. "अवो, मले सांगाचं ना! मी का मेलो होतो?"

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर पाठवलं. शरीरातलं पाणी आणि क्षार गेले, साखर उतरली, म्हणून डोकं भ्रमलं, हे उतरेल, असं त्यांनी समजावलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर किडन्यांचं सांगता आलं नसतं, हेही न लपवता सांगितलं. "आणि पिंकीचं नाव?" साधनाबाईंनी विचारलं. "ते काय आहे, मॅडम?"

"ते आज कळणार नाही. थायरॉइड बघू, बी-ट्वेल्व्ह बघू, बऱ्या झालात की स्मरणाची चाचणी करू. काही निघेल, काही निघणारही नाही. मी आत्ता खोटं सांगणार नाही."

दिव्यानी नागपूरहून सरळ वॉर्डात आली. साधनाबाईंनी तिला बघताच नाव घेतलं, मोठ्यानं, शेजारच्या खाटा वळून पाहतील इतक्या मोठ्यानं. लेकीनं पिशवी खाटेखाली सरकवली. स्टुलावर बसली, आईचा मोबाइल घेतला आणि एकेक फोटो बघत गेली. वजनाच्या बाटल्या, डोक्याच्या बाटल्या. साधनाबाई शिव्यांची वाट पाहत होत्या. त्यांनी स्वतः दिल्याच असत्या.

"आई," दिव्यानी खाली मान घालून म्हणाली, "आजीले सुरू झालं तवा ते किती वर्षाची होती?"

"काऊन वं?"

"असंच." मग तिनं फोन पुढे केला. "तू तं एवढं वाचलं. यातली डोक्यावाली खरंच काम करते का? मी आत्तापासून घेतली तं चालन का? मीबी विसरून राह्यली, आई. ऑफिसात मले लोकायचे नावं येत नाई."

कोण काय म्हणालं, कोणती रोज, कोणती नाकात, कोणती डुकराची, हे सगळं साधनाबाईंना त्या क्षणी लख्ख आठवत होतं.

"नको घेऊ," त्या म्हणाल्या. "मले काईच माहीत नाई, बाई. मी भेली होती, म्हणून वाचत होती."

"मंग मी काय करू?"

त्यांनी सलाइन नसलेल्या हातानं लेकीचा हात धरला. "मॅडम आल्या का आपुन दोघी मिळून विचारू," त्या म्हणाल्या.